वेगाची हौस आहे? मग गाडी ट्रॅकवर न्या, हायवेवर नको

पहाटेचे साडेपाच वाजलेत. हायवे रिकामा आहे. मागच्या सीटवर लेक उशीवर डोकं टेकून झोपली आहे, शेजारी बायको डुलक्या घेतेय. कित्येक वर्षांची बचत आणि बँकेचे हप्ते यांच्या जोरावर घेतलेली सेडान तुमच्या हातात आहे. उजवा पाय जरासा दाबला जातो आणि काटा १३०, १५०, १७० वर जातो. ना आवाज, ना हादरा. आणि अचानक समोर ट्रक दिसतो. त्याचे मागचे दिवे बंद. तुम्ही ब्रेक दाबता, सीटबेल्ट छातीला रुततो, मागे पाण्याची बाटली गडगडत जाते आणि लेक दचकून उठते.

झालं काहीच नाही. ट्रक मागे पडतो. पण पुढचे वीस किलोमीटर गाडीत कुणी एक शब्द बोलत नाही.

ही शांतता तुमच्या ओळखीची असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मग तुम्ही स्टिअरिंगवर असा किंवा शेजारच्या सीटवर मुठी आवळून बसलेले असा.

चूक हौसेची नाही, जागेची आहे

वेगाची आवड असणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुणाला गड चढायला आवडतं, कुणाला पोहायला, कुणाला गाडी चालवायला. अडचण अशी, की आजच्या वेगवान सेडान गाड्या फार गोड फसवतात. बीएमडब्ल्यूची एम ३४० आय हेच उदाहरण घ्या. चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळणी होणारी ही गाडी दिसायला ऑफिसला जाणाऱ्या साहेबाची, पण पोटात तीन लिटरचं सहा सिलिंडर टर्बो इंजिन आणि ३७० हून जास्त हॉर्सपॉवर. शंभरचा वेग ती पाच सेकंदांच्या आत गाठते. आतमध्ये मात्र सगळं इतकं शांत असतं, की दीडशेचा वेगसुद्धा ऐंशीसारखा वाटतो.

शरीराला वेग कळत नसला, तरी गणिताला कळतो. १०० च्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. १४० च्या वेगाने तीच गाडी सुमारे ३९ मीटर जाते. धोका दिसला, मेंदूने ओळखला आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच एक सेकंद निघून जातो. त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे वेग ४० टक्क्यांनी वाढला, तर ब्रेक लावल्यानंतरचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. हायवेवर ही दुप्पट जागा कुठून आणणार? तिथे म्हैस आहे, उलट्या दिशेने येणारी दुचाकी आहे, दुभाजकातून वाट काढणारं कुटुंब आहे.

कायदाही स्पष्ट आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारसाठी १०० ची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार, सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण खरं सांगायचं तर दंडाची पावती ही यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

मग या हौसेचं करायचं काय? त्यासाठीच ट्रॅक डे असतात.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे

अनेकांचा पहिला गैरसमज हाच असतो. ट्रॅक डेला कुणी पहिला येत नाही आणि कुणाला कप मिळत नाही. एखादा क्लब किंवा आयोजक एका दिवसासाठी रेसिंग ट्रॅक भाड्याने घेतो. तुम्ही प्रवेश फी भरता आणि रोजचीच गाडी घेऊन जाता. चालकांचे अनुभवानुसार गट पाडले जातात. प्रत्येक गटाला साधारण पंधरा-वीस मिनिटांची पाळी मिळते, मग विश्रांती आणि पुन्हा पाळी. समोरून कुणी येत नाही, सगळे एकाच दिशेने जातात. ट्रॅकच्या कडेला मार्शल उभे असतात, रुग्णवाहिका तयार असते आणि चूक झालीच तर गाडी घसरत जायला मोकळी जागा असते.

आपल्या देशात अशा जागा मोजक्याच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२. चेन्नई-बंगळूर महामार्गालगत असल्याने बंगळूरकरांनाही ते गाठता येतं. यामागे मोठा इतिहास आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये सुरू झाला आणि त्या काळी शर्यती व्हायच्या शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर. कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे, साधारण दोन किलोमीटरचा. भारतीय मोटारस्पोर्टला आकार देणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलं आहे. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन याच शहरातला. आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे, ५.१२५ किलोमीटरचं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. ज्या सरळ पट्टीवर त्याची गाडी धावली, तिथेच तुमची सेडानही धावू शकते, हे ऐकून अंगावर काटा आला ना? पण थोडं थांबा. त्याआधी घरात बसून काही गोष्टी बोलायच्या आहेत.

आधी घरात बोला, मग फॉर्म भरा

ही हौस घरच्यांपासून लपवून करायची नाही. कारण गाडी कागदावर तुमची असली, तरी हप्ता घराच्या बजेटमधून जातो.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा विम्याचा. तुमची मोटार पॉलिसी काढा आणि 'वापराच्या मर्यादा' हा भाग शांतपणे वाचा. तिथे संघटित शर्यती, वेगाची चाचणी अशा वापराला संरक्षण नाही असं लिहिलेलं असतं. ट्रॅक डे ही शर्यत नसते, असा युक्तिवाद तुम्ही करू शकता, पण दाव्याच्या वेळी विमा कंपनी तो मानेलच असं नाही. म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी 'हो सर, काही प्रॉब्लेम नाही' याला काडीचीही किंमत नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेतही ट्रॅकवरच्या वापराबद्दल काय म्हटलं आहे ते पाहून ठेवा.

दुसरा मुद्दा फॉर्मचा. सकाळी गेटवर तुमच्याकडून एका कागदावर सही घेतली जाते. झालेल्या नुकसानीची जबाबदारी माझी, असा त्याचा अर्थ असतो. कठडा तुटला किंवा दुसऱ्याच्या गाडीला धक्का बसला, तर खर्च कुणाचा, हे सही करण्याआधी विचारा. तुमचा आरोग्य विमा आणि अपघात विमा अशा खेळांना लागू आहे का, हेही तपासा.

आता स्वतःला एक सरळ प्रश्न विचारा. उद्या ही गाडी ट्रॅकवर पूर्ण मोडली, विम्याने एक रुपया दिला नाही आणि हप्ते मात्र चालू राहिले, तर घर चालेल का? उत्तर 'नाही' असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. गो-कार्टिंगने सुरुवात करा. किंवा एखाद्या रेसिंग स्कूलचा कोर्स करा, जिथे गाडी त्यांची असते. तुमची आलिशान सेडान कुठे पळून जात नाही.

खर्चाचा हिशोबही खुलेपणाने मांडा. प्रवेश फी ही सुरुवात असते. ट्रॅकवर पेट्रोल पाण्यासारखं जातं, एका लिटरला तीन-चार किलोमीटर मिळाले तरी खूप. दिवसभरात शंभर किलोमीटर झाले, तर अर्धी टाकी संपली म्हणायची. ब्रेक पॅड लवकर झिजतात. अशा गाडीच्या चार टायरांचा खर्च तर सहज लाखाच्या पुढे जातो. वर्षातून एकदा जायचं की चारदा, हे याच हिशोबावर ठरवा.

सात लिटर पाणी आणि तीन सेकंद

गाडीच्या तयारीत सगळ्यात आधी काय पाहायचं? नवखे लोक इंजिनबद्दल विचारतात. जाणकार ब्रेकबद्दल विचारतात.

स्वयंपाकघरातलं एक उदाहरण घेऊ. माणसासकट गाडीचं वजन १८०० किलो धरा. २०० च्या वेगावरून वळणाआधी तिला ८० वर आणायचं आहे. या एका ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात सात लिटर गार पाणी उकळेल. गॅसवर सात लिटर पाण्याचं भगोणं ठेवलं तर किती वेळ लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ब्रेकना हेच काम तीन-चार सेकंदांत करायचं असतं. एका फेरीत अनेकदा, आणि अशा सहा-सात फेऱ्या सलग.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये आणि पॅडमधून ब्रेक ऑईलमध्ये जाते. ब्रेक ऑईलचा एक स्वभाव आहे, ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ब्रेक ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ओलावा शिरलेल्या ऑईलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. मग तुम्ही ब्रेक दाबता आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून ट्रॅक डेच्या आधी ब्रेक ऑईल बदलून घ्या. शहरातल्या वापरात हा दोष कधीच जाणवत नाही, ट्रॅकवर तो तिसऱ्या-चौथ्या फेरीत समोर येतो.

बाकीची यादी अशी:

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असावेत. डिस्कवर चिरा नसाव्यात.

टायरच्या बाजूवर फुगवटा किंवा काप नको. टायरवर चार आकडी तारीख असते, तीही बघा. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला आहे.

हवेचा अंदाज घ्या. टायर तापला की आतली हवाही तापते. ३२ वर भरलेली हवा ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली, तर ती ३९-४० वर पोचते. त्यामुळे प्रत्येक पाळीनंतर लगेच हवा मोजा आणि तिथल्या प्रशिक्षकाला विचारून कमी करा. परतीच्या वाटेवर ती पुन्हा नेहमीइतकी भरायला विसरू नका.

इंजिन ऑईल आणि कूलंट तपासा. चाकांचे नट योग्य ताकदीने आवळले आहेत ना, हेही पाहून घ्या.

डिकी आणि आतली जागा पूर्ण रिकामी करा. छत्री, पाण्याची बाटली, मुलांची खेळणी, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा त्या दिवसापुरता घरी देव्हाऱ्यात. पेडलखाली सरकणारं पायपुसणं काढून ठेवा.

हेल्मेटबद्दलही थोडं. स्कूटरचं हेल्मेट आणि कारच्या ट्रॅकवरचं हेल्मेट वेगळं असतं. कारसाठीच्या हेल्मेटचं अस्तर आगीला दाद न देणारं असतं. आयोजकांना कोणतं चालतं ते आधी विचारा. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, बूट पातळ तळाचे. सँडल किंवा चप्पल अजिबात नको.

सकाळची शाळा

ट्रॅकवर सकाळ लवकर सुरू होते. गाडीची तपासणी झाली की सगळ्यांना एका खोलीत बसवून नियम सांगतात. इथे मोबाईल बघत बसू नका. दिवसभरातला हा सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास आहे.

झेंडे पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी येतेय, तिला जाऊ द्या. काळा दाखवून तुमच्याकडे बोट केलं, तर मुकाट्याने पिटमध्ये या, तुमचं किंवा गाडीचं काहीतरी चुकलंय. चौकटींचा झेंडा म्हणजे पाळी संपली.

हौशी लोकांच्या ट्रॅक डेला ओव्हरटेक सहसा फक्त सरळ पट्टीवर आणि पुढच्या चालकाने इशारा दिल्यावरच करायचं असतं. इथे अनेकांच्या अहंकाराची पहिली परीक्षा होते. तुमच्या ऐंशी लाखांच्या गाडीमागे एखादी दहा-बारा वर्षं जुनी हॅचबॅक येते. मार्शल तुम्हाला निळा झेंडा दाखवतो. आरशात तिचे दिवे दिसत असतात. अशावेळी रस्ता द्या. त्या चालकाने ही वळणं शेकडो वेळा घेतली आहेत, तुम्ही पहिल्यांदा घेताय. पैशाने गाडी मिळते, हात मिळत नाही. हे मान्य केलंत, की उरलेला दिवस फार आनंदात जातो.

पहिल्या पाळीत वेगाचा विचारच नको. शक्य असेल तर प्रशिक्षकाला शेजारी बसवा. सीट जरा पुढे घ्या, इतकी की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. गाडीतली घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालूच ठेवा. ती बंद करण्यात काही मर्दुमकी नाही.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार

ट्रॅकवर शिकण्यासारखं बरंच काही असतं, पण सगळ्याचं मूळ एकाच गोष्टीत आहे. टायरची पकड मर्यादित असते.

तिला महिन्याचा पगार समजा. ब्रेकवर सगळा खर्च केलात, तर वळायला काही उरत नाही. वळण्यात सगळा खर्च केलात, तर वेग वाढवायला काही उरत नाही. वळणाच्या मध्यावर घाबरून जोरात ब्रेक मारणारा माणूस, पगार संपल्यावर क्रेडिट कार्ड घासणाऱ्यासारखा असतो. गाडी सरळ जाते किंवा गोल फिरते.

म्हणून क्रम पाळायचा. गाडी सरळ असतानाच मुख्य ब्रेक, तोही ठाम. मग पाय हळूहळू सैल करत स्टिअरिंग वळवायचं. गाडी वळणाच्या आतल्या कडेजवळ गेली आणि पुढचा रस्ता उघडा दिसू लागला, की स्टिअरिंग सरळ करत जायचं आणि त्याच प्रमाणात वेग द्यायचा. वळणात शिरताना सबुरी, बाहेर पडताना जोर. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असली, तरी ती फक्त वेग वाढवताना मदत करते. थांबताना तुमच्याकडे तेच चार टायर असतात, जे सगळ्यांकडे असतात.

वळणातलं गणितही वर्गाचंच आहे. जे वळण ६० ने आरामात होतं, तेच ७० ने घ्यायचं तर टायरकडून ३६ टक्के जास्त पकड मागावी लागते. वाढवले फक्त दहा, मागितलं मात्र एक तृतीयांशाहून जास्त. घाटातल्या वळणावर 'थोडंसंच तर वाढवलं' म्हणणाऱ्यांनी हे गणित मनात कोरून ठेवावं.

तिसरी गोष्ट नजरेची. गाडी तिथे जाते, जिथे तुम्ही बघता. कठड्याकडे बघत राहिलात तर कठड्याकडेच जाल. बघायचं पुढच्या वळणाकडे.

आणि चूक झालीच तर? दोन चाकं ट्रॅकबाहेर गेली, तर स्टिअरिंगला हिसका देऊन परत आणू नका. बहुतेक मोठे अपघात चाकं बाहेर गेल्याने होत नाहीत, घाईने आत आणल्याने होतात. गाडी सरळ ठेवा, वेग उतरू द्या, मग हळूच आत या. गाडी गोल फिरलीच, तर ब्रेक पूर्ण दाबून ठेवा, म्हणजे ती कुठे थांबेल याचा मागच्यांना अंदाज येतो.

थकवा ओळखणं हीसुद्धा एक कला आहे. चेन्नईच्या उन्हात हेल्मेट घालून वीस मिनिटं गाडी चालवणं म्हणजे चांगलाच व्यायाम असतो. पाणी पीत राहा. पेडल मऊ लागलं, जळका वास आला किंवा लक्ष विचलित झालं, की पिटमध्ये या. दुपारनंतरच्या शेवटच्या पाळीत 'अजून एकच फेरी' म्हणणारे लोक पुष्कळदा कंटेनरवरून घरी जातात. प्रत्येक पाळीची शेवटची फेरी ब्रेक न वापरता, सावकाश घ्या, म्हणजे डिस्क थंड होतात. थांबल्यावर हँडब्रेक लावू नका, चाकाखाली अडणी ठेवा. तापलेल्या डिस्कवर पाणी तर अजिबात मारू नका.

ही हौस फक्त बाबांचीच का?

ट्रॅक डेच्या दिवशी घरातल्या बायका सावलीत खुर्चीवर बसून व्हिडिओ काढतात, हे चित्र आता जुनं व्हायला हवं. पुण्याच्या डायना पुंडोले यांचं नाव लक्षात ठेवा. शिक्षिका, दोन मुलांची आई. २०२४ मध्ये त्यांनी मद्रास इंटरनॅशनल सर्किटवरच सलून गटातलं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. कार रेसिंगमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. सलून गट म्हणजे घरगुती वापराच्या गाड्यांवर आधारलेल्या शर्यती गाड्यांचा गट.

तेव्हा एक पाळी बायकोच्या किंवा बहिणीच्या नावाने नोंदवा. अठरा पूर्ण झालेल्या आणि लायसन्स मिळालेल्या मुलीलाही न्या. अर्थात आयोजकांच्या नियमांत बसत असेल तरच. एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. ज्यांना आपल्याला सगळं येतं असं वाटत नाही, ते प्रशिक्षकाचं ऐकतात, आणि जे ऐकतात ते लवकर शिकतात. पुरुष मंडळींची पहिली पाळी अनेकदा फक्त जुन्या सवयी विसरण्यात जाते.

लहान मुलांना मात्र धावत्या गाडीत बसवायचं नाही, त्यांचा हट्ट कितीही असो. त्यांना पिटमधली टोपी आणि आईस्क्रीम पुरेसं आहे.

घरी परतताना

ट्रॅक डेच्या संध्याकाळी बहुतेकांना एक वेगळाच अनुभव येतो. वाटतं, आता हायवेवर गाडी सुसाट पळवावीशी वाटेल. होतं उलटंच.

दिवसभर तुम्ही मोकळ्या, स्वच्छ, एकाच दिशेच्या रस्त्यावर, हेल्मेट घालून, मार्शलच्या नजरेखाली वेग अनुभवलेला असतो. तरीही दोनदा गाडी रुंद गेली, एकदा गवतात उतरली. ताशी १६० वर थांबायला किती जागा लागते, हे आता तुम्हाला पुस्तकातून नाही, तर छातीला रुतलेल्या पट्ट्यातून कळलेलं असतं. मग गेटमधून बाहेर पडून हायवेला लागता आणि पहिल्यांदाच तो रस्ता नीट दिसतो. इथे बाहेर घसरायला गवत नाही, तिथे झाड आहे. इथे पिवळा झेंडा दाखवायला कुणी उभं नाही. समोरच्या टेम्पोचा चालक कधी आत येईल, याचा नेम नाही. पाय आपोआप सैल होतो.

ट्रॅक डेमुळे प्रत्येक माणूस शहाणा होतो, असं नाही. काही जण दोन पाळ्या करतात आणि स्वतःला शर्यतवीर समजून रस्त्यावर तेच प्रयोग करतात. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याला ट्रॅकची फी भरायला नाही, गाडीची किल्ली काढून घ्यायला मदत करा. पण ज्याला खरोखर शिकायचं आहे, त्याच्यासाठी हा एक दिवस मोलाचा ठरतो.

लेख सुरू झाला त्या गाडीत परत जाऊ. तीच पहाट, तोच रस्ता, मागे झोपलेली लेक. या वेळी काटा ९५ वर आहे. पुढच्या ट्रकशी तीन सेकंदांचं अंतर आहे. ट्रकचे मागचे दिवे आजही बंदच आहेत, पण तुमची नजर दूरवर असल्यामुळे तो तुम्हाला कितीतरी आधी दिसलाय. तुम्ही पाय उचलता, गाडी हलकेच मंदावते. पाण्याची बाटली जागची हलत नाही.

शेजारी बायको डोळे मिटून बसली आहे. झोपली असावी असं वाटतं तुम्हाला. ती न उठताच विचारते, "पुढचा ट्रॅक डे कधी आहे? या वेळी माझंही नाव घाल."